बसण्याचा मान

जाओ खुनांचा उजवा गुडघा वाकत नाही, हे फेचबुरीत टेकडीवरच्या माकडांनासुद्धा ठाऊक होतं. संध्याकाळी ते नदीकाठच्या ओसरीत वेताच्या खुर्चीवर बसायचे, उजवा पाय समोर तिपाईवर फळीसारखा सरळ, आणि एखादं माकड छपरांवरून उड्या मारत येऊन खुशाल त्या नडगीवर ठाण मांडायचं. पलटणीच्या पलटणी ज्या माणसापुढे श्वास रोखून उभ्या राहिल्या, त्याच्या पायावर माकड! लमुन झाडू घेऊन धावायची.

"राहू दे गं," जाओ खुन म्हणायचे. "पेन्शनीत आल्यापासून माझ्या हाताखाली एवढा एकच शिपाई उरलाय."

लमुन त्यांची बायको. दरबाराच्या लेखी ती खुनयिंग लमुन, पण बाजारातल्या म्हाताऱ्या तिला अजून पुलाखालची लमुन म्हणायच्या आणि ती वळून ओ द्यायची. नवऱ्याला ती चारचौघांत, सरदाराला म्हणतात तसं, जाओ खुन म्हणे, आणि आसपास कोणी नसलं की आपुलकीने पी थिम. थिम हे त्यांचं जन्माचं नाव. ते नाव घेणारी आता जगात दोनच माणसं होती, एक लमुन आणि दुसरी त्यांची थोरली बहीण प्रिक. प्रिक म्हणजे मिरची. आईबापांनी नाव ठेवताना काय ओळखून ठेवलं होतं कोण जाणे, पण म्हातारपणीही त्या बाईच्या जिभेची धार गेली नव्हती.

थिमचा बाप इथल्याच कचेरीत कारकून होता, आणि आई ताडाची साखर आटवणाऱ्यांच्या घरातली. पोरगं हुशार निघालं, बँकॉकच्या सैनिकी शाळेत गेलं, आणि मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच उत्तरेच्या सागवानी मुलखात बंड उठलं तिकडे त्याची रवानगी झाली. तिथल्या एका गावात त्याने मूठभर शिपाई घेऊन धान्याच्या कोठाराची दारं लावून घेतली. आत गावातली बायका-पोरं होती. कुमक येईपर्यंत त्याने ते कोठार सोडलं नाही. गोळी गुडघ्यात शिरली, हत्तीवर घालून खाली आणलं. पाय वाचला, पण सांधा गेला तो कायमचाच.

सरकारने पदक दिलं आणि म्हटलं, जा आता घरी. हा घरी जाईल तर शपथ! वरिष्ठांपुढे जाऊन उभा राहिला, आणि ते कंटाळेपर्यंत उभाच राहिला. शेवटी रंगरूट शिकवायला ठेवला. रंगरुटांनी लगोलग नाव पाडलं, बगळा. त्याला ते कळलं तेव्हा रागवायचं सोडून तो कवायतीच्या मैदानावर ओरडला, "नीट चाला रे बेडकांनो, बगळा बघतोय!" तेव्हापासून ती पोरं त्याच्यासाठी जीव द्यायला तयार. मग डोंगरातली चौकी, मग कोराटची अख्खी पलटण. दरबारी किताबांच्या पायऱ्या चढत लुआंग झाला, फ्रा झाला, सरतेशेवटी फ्राया. छातीवर मुकुटाचं पदक, पांढऱ्या हत्तीचं पदक, हातात तलवार, आणि दरबारातून सोन्याचं पानदान, जे हर एक फ्रायाच्या नशिबात नसतं. नाव मिळालं फ्राया रणस्तंभभक्ती. रणातला खांब! आता हे नाव ज्याने शोधलं त्याला गुडघ्याचं ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. प्रिक पोट धरधरून हसली होती.

पण खांबाचं दुःख खांबालाच. सगळी कारकीर्द त्या माणसाने उभ्याने काढली, आणि ती काही हौसेने नव्हे. आमच्यात कुणाकडे पाऊल करून बसणं म्हणजे केवढा अपमान, आणि समोर भिक्षू असेल, बुद्धाची मूर्ती असेल, तर मनातसुद्धा आणू नये. माणूस पाय मुडपून, पावलं मागे घेऊन बसतो. जाओ खुनांना ते जमेना. जमिनीवर बसले की उजवं पाऊल तोफेसारखं समोरच्यावर रोखलेलं. खुर्ची घ्यावी तर भिक्षूंपेक्षा उंच बसणं आलं. म्हणून विहारात प्रवचन असलं की ते बाहेर, खांबाच्या आडोशाला, हात जोडून उभे. पाऊस असो, ऊन असो. लोकांना वाटायचं, केवढी ही शिस्त! लमुनला मात्र घरी आल्यावर त्यांची डावी पोटरी दिसायची, दगडासारखी झालेली.

लमुनची त्या पायाशी ओळख जाओ खुनांशी झाली त्याच्याही आधीची. ती तेव्हा धक्क्यावर ताडफळाच्या वाफवलेल्या वड्या विकायची. एकदा डोक्यावर टोपली घेऊन नावेत चढली, तो वाटेत हा पाय आडवा. अडखळली, टोपली नदीत, आणि तोल सावरताना ती तो पाय ओलांडूनच पलीकडे गेली.

"पाय आवरा की!" ती कडाडली. "तुमच्या बापाची नाव आहे का?"

"आवरला असता हो, पण हा माझं ऐकत नाही."

"ऐकत नाही तर घरी ठेवून यायचा!"

मग तिने वर पाहिलं तर अंगात गणवेश, छातीवर पदक. अधिकाऱ्याचा पाय ओलांडला, वर त्याचा बाप काढला! आणि तो साहेब आपला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतोय. काही दिवसांनी त्याची आई मागणी घालायला आली. प्रिक आजही म्हणते, आमच्या थिमला तिने ओलांडलं ते ओलांडलंच, नंतर तो तिच्या पलीकडे कधी गेलाच नाही.

लग्नानंतर लमुनने तो गुडघा पहिल्यांदा उघडा पाहिला. गोळीच्या जागी कातडी आत खेचलेली आणि खाली वेडंवाकडं जुळलेलं हाड. ती काही बोलली नाही. हळद, आलं, गवती चहा, कापूर फडक्यात बांधून पुरचुंडी केली, वाफेवर धरली आणि शेकायला बसली. त्यानंतर रोज सकाळी, फेचबुरीत असो की कोराटच्या छावणीत, तिचा हाच पाठ. गुडघा कधी तसूभरही वाकला नाही, पण थंडीत ठणकायचा तो थांबायचा. पुढे स्वतःचं पोर रांगायला लागलं तेव्हा त्याच्या अंगावरचे तीळही तिला पाठ नव्हते, इतका तो गुडघा पाठ होता.

कोराटला एक गोरा डॉक्टर आला होता. त्याने पाय तपासून सांगितलं, हाड मोडून पुन्हा वाकलेलं जुळवता येईल. मग तुम्हाला जमिनीवर बसता येईल, पण उभं राहणं संपलं. बसणारा पाय हवा की उभा राहणारा, सांगा. जाओ खुनांनी एक संध्याकाळ विचार केला आणि म्हणाले, "शिपायाला उभं राहता आलं पाहिजे." लमुन स्वयंपाकघरात जाऊन रडली, आनंदाने. मोडणार हा शब्द ऐकल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

पेन्शनीत फेचबुरीला परतल्यावर एका वर्षी उन्हाळा जड गेला. जाओ खुनांना धाप लागायची, डावं पाऊल सुजायचं, रात्री उशांना टेकूनच झोपावं लागे. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. म्हणजे काय ते लमुन समजली. तिने मुलाला बोलावून घेतलं.

सनित एकुलता एक. बँकॉकला मंत्रालयात नोकरी, कडक इस्त्रीची विजार, बोलताना मध्येच घड्याळ बघायची सवय. पोरगा वाईट नव्हता. बापावर जीव होता, पण तो जीव बोलून दाखवायचा कसा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तो सारखा व्यवस्था करत राहायचा. आल्या आल्या त्याने डॉक्टर बदलला, उशा बदलल्या, तिपाईची जागासुद्धा बदलली.

दुपारी चटईवर तिघं जेवायला बसली, लमुन, सनित आणि प्रिक. मोगऱ्याच्या गार पाण्यातला भात होता आणि सोबत तळलेल्या कोळंबीच्या गोळ्या. जाओ खुन ओसरीत डुलक्या घेत होते.

"आई, एक बोलायचं होतं," सनित म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट वाटण्यासारखं असेल तर आधी जेवून घे."

"जाओ खुन बाबांना सोन्याचं पानदान आहे. म्हणजे उद्या काही झालंच, तर देह ठेवायला दरबाराकडून सोनेरी कोश मिळतो. आंघोळीचं पाणी, कोश, पाच मजली छत्र्या, ढोल, शिंगं, सगळं. मी चौकशी करून आलोय. बँकॉकहून गाडीने पाठवतात."

"घ्या!" प्रिकने घास खाली ठेवला. "बाप तिकडे घोरतोय आणि पोरगं त्याला कोशात भरायला निघालंय."

"प्रिक आत्या, या गोष्टींची तयारी आधी ठेवावी लागते."

"आणि तुझ्या कचेरीतले साहेब येतील ते बघायला."

"येतील की! बघू देत. कुणाचा मुलगा आहे मी ते कळू दे त्यांनाही." सनितचे कान लाल झाले होते.

लमुनने भातातली मोगऱ्याची पाकळी बोटाने बाजूला काढली. "कोशात माणसाला ठेवतात कसं, माहितीय तुला?"

"बसवून."

"कसं बसवून?"

"गुडघे छातीशी घेऊन, हात जोडून..." तो थांबला. उघड्या दारातून ओसरीतली तिपाई दिसत होती आणि तिच्यावरचा तो पाय. "त्यांची माणसं करतात काहीतरी, आई. त्यांना सवय असते."

"काहीतरी म्हणजे मोडतात."

मग लमुनच बोलायला लागली, आणि एकदा लागली ती लागलीच. "पदकं परत द्यायची. तलवार परत, पानदान परत. तुमचा तो कोशसुद्धा चितेआधी काढून घेऊन जातात, पुढच्या माणसासाठी. सगळं उसनं होतं, त्याचं मला काही नाही, त्यांनी दिलं त्यांनी न्यावं. पण पाय तेवढा आमचा होता. तो मी रोज शेकलाय. तो मोडून घ्यायला मी दारात ढोल बोलावू? साधी लाकडी पेटी आणा. झोपू देत त्यांना सरळ. मी हो म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"मला कुणी विचारणार आहे का?" ओसरीतून आवाज आला. "का मी गेलोच?"

तिघंही उठून बाहेर गेली. जाओ खुन जागे होते, चांगले टक्क जागे. त्यांनी सनितकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोश मागव." मग लमुनकडे पाहिलं. पण लमुन तिथून निघून गेली होती.

दिवसभर ती त्यांच्याशी बोलली नाही. खाणंपिणं केलं, पंखा घातला, पण तोंडाला कुलूप. जाओ खुनांनी दोन-तीनदा विनोद करून पाहिले ते वाया गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती नेहमीसारखी पुरचुंडी वाफवून घेऊन आली, कारण राग आपल्या जागी आणि गुडघा आपल्या जागी. घरात कुणी नव्हतं. सनित स्टेशनवर गेला होता, प्रिक बाजारात.

"पी थिम, तुम्हाला हौस आली का हो मिरवणुकीची? या वयात?"

"मिरवणूक गेली खड्ड्यात."

"मग?"

ते जरा वेळ धाप आवरत राहिले. "सनितने चीवर घेतलं तो दिवस आठवतो तुला?"

तिला न आठवायला काय झालं! सनित विशीचा झाला तेव्हा पावसाळ्याचे महिने भिक्षू झाला होता, सगळ्यांची मुलं होतात तसा. मुलगा पांढऱ्या कपड्यांत येतो, आईबापांसमोर डोकं टेकतो, आणि ती दोघं जमिनीवर बसून त्याच्या हातांवर चीवर ठेवतात. बापाच्या आयुष्यात याहून मोठा दिवस नसतो. आत भिक्षूंची रांग बसलेली, मागे मोठा बुद्ध. जाओ खुन अंगावर सगळी पदकं लावून आले होते आणि उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले. आत बसले असते तर पाऊल नेमकं महास्थविरांच्या छातीवर रोखलं गेलं असतं. उभे राहिले असते तर सगळ्यांच्या डोक्यावर. चीवर लमुनने दिलं, आणि तिच्या शेजारी बापाच्या जागी तिचा भाऊ बसला. तो साधा ताडावर चढणारा माणूस, पण पाय छान मुडपलेले.

"तुझ्या भावाचा हेवा वाटला मला," जाओ खुन म्हणाले. "सांगायला लाज वाटते. मी तिकडे खांबाला टेकून उभा. पोरगं डोकं टेकत होतं ते मला पाठमोरं दिसलं. त्या दिवशी मनात आलं, कोराटच्या त्या डॉक्टरला चुकीचं उत्तर दिलं की काय आपण."

लमुनचा हात गुडघ्यावर थांबला.

"चुकीचं नव्हतं," तेच पुढे म्हणाले. "तेव्हा उभं राहायचं काम होतं. ते केलं. आता परेड संपली, लमुन. आता मला बसायचंय. नीट, पाय मुडपून, हात जोडून, पाठ ताठ. भिक्षू समोर बसून मंत्र म्हणतील आणि माझं पाऊल कुणाकडे नसेल. एवढंच हवंय. ढोल वाजोत नाहीतर न वाजोत."

"मोडतील हो ते."

"मोडू दे. मला कुठे दुखणार आहे!"

"मला दुखेल त्याचं काय?"

जाओ खुन हळूच म्हणाले, "म्हणूनच तुझी परवानगी मागतोय. सनितची नाही, दरबाराची नाही. तू हो म्हण."

"पुरचुंडी गार झाली," लमुन म्हणाली आणि आत गेली.

ती हो म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवसांतही नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. ते रोज तिच्याकडे बघायचे आणि ती रोज काहीतरी काम काढायची. आणि मग एका सकाळी ती वाफाळती पुरचुंडी घेऊन आली तेव्हा ते खुर्चीत होते, पाय तिपाईवर, आणि डोळे नदीकडे. तिने दोनदा हाक मारली. मग खाली बसली आणि पुरचुंडी गुडघ्यावर धरली, ती गार होईपर्यंत तशीच धरून राहिली. त्यानंतर सनितला उठवलं.

रीत असते. सनितने तबकात फुलं, उदबत्त्या, मेणबत्त्या घेतल्या आणि बँकॉकची गाडी पकडली, गेलेल्या माणसाच्या वतीने दरबारात निरोप घ्यायला. निघताना त्याने आईकडे पाहिलं. "कोशाचं काय सांगू?"

"जे मिळतं ते घेऊन ये," लमुन म्हणाली. "पुढचं पुढे." एवढं बोलायलाही तिला बळ आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सनित परतला तो दरबाराच्या माणसांना घेऊनच. आठ कोनांचा, सोनेरी, माणसाच्या छातीएवढा उंच कोश गाडीतून उतरला तेव्हा अर्धं फेचबुरी स्टेशनवर लोटलं होतं. इकडे अंगणात कारागीर चितेच्या सजावटीसाठी केळीच्या सोपटांवर नक्षी कोरत बसले होते. देह बांधून कोशात बसवण्याचं काम करणारा मुख्य माणूस थुआम, पोटाने सुटलेला, बोलायला मऊ. त्याने आधी हात जोडून गेलेल्या जाओ खुनांची क्षमा मागितली, मग दरबाराकडून आलेलं पाणी घातलं. मग तो आणि त्याचा जोडीदार ऊन पाण्याच्या फडक्यांनी एकेक सांधा चोळत बसले. हात सैल झाले, कंबर सैल झाली, डावा गुडघा वाकला. उजव्यापाशी येऊन थुआम थांबला. त्याने दाबून पाहिलं, मागून पाहिलं, आणि चटईवर मागे सरकून बसला.

"खुनयिंग, हा जुना आहे. हा चोळून यायचा नाही."

"माहितीय मला."

"एक करता येतं," थुआम म्हणाला. "पुष्कळ घरांतून करतात. त्यांना पेटीत सरळ झोपवायचं, पेटी मागे, पडद्याआड. कोश पुढे मांडायचा, रिकामा. मान तोच, छत्र्या त्याच. बाहेरून कुणाला कळतही नाही."

सनितने सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला. "तसंच करा," तो लगेच म्हणाला. "आई, तसंच करू या. मला नको कोश. मी उगाच... मला बघवणार नाही गं. राहू दे त्यांचा पाय."

"बाई, पोरगं शहाण्यासारखं बोललं एकदाचं," प्रिक पुटपुटली. पण तिचे डोळे लमुनवर होते.

सगळं लमुनच्या मनासारखंच तर झालं होतं. मानही राहत होता आणि पायही. फक्त मान हलवायची होती. तिने जाओ खुनांकडे पाहिलं. पांढऱ्या चादरीवर उताणे, लांबलचक, आयुष्यभर उभे होते तसेच, फक्त आडवे केलेले. आता असंच त्यांना पडद्याआड ठेवायचं आणि भिक्षूंनी रिकाम्या कोशापुढे मंत्र म्हणायचे. म्हणजे पुन्हा बाहेर. पुन्हा खांबामागे.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना बसायचंय."

"आई!"

"तू बाहेर जा, सनित. वाईट वाटून घेऊ नको. तुझ्याच्याने व्हायचं नाही, आणि झालंही नाही पाहिजे. जा बाळा."

तो गेला. पायऱ्यांवर जाऊन त्याने दोन्ही हातांनी कान दाबून घेतले, हे अंगणातल्या माणसांनी पाहिलं आणि ती मान खाली घालून सोपटं कोरत राहिली. प्रिक उठली नाही. तिने भावाचं डोकं मांडीवर घेतलं, लहानपणी घ्यायची तसं.

लमुन सरकत सरकत पायापाशी आली. दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले. नेहमी ऊन असायचा तो गुडघा आता गार होता, आणि तेवढ्यानेच तिचा बांध फुटला. ती मोठ्याने रडली, कुणाची भीडभाड न ठेवता. थुआम वाट पाहत राहिला.

"पी थिम," ती म्हणाली, "मी हो म्हणते. ऐकताय ना? तेव्हा म्हणायला हवं होतं, तेव्हा जीभ उचलली नाही माझी. तुम्ही वाट बघितलीत आणि मी आपली भांडी घासत बसले. मला माफ करा. आता बसा तुम्ही." मग तिने हात काढून घेतले आणि थुआमला म्हणाली, "एकाच झटक्यात होऊ दे. चाचपडत बसू नका."

थुआमने एकाच झटक्यात केलं. आवाज झाला. लमुनने डोळे मिटले नाहीत.

मग बाकीचं वेळ न लागता झालं. गुडघे छातीशी आले, पांढऱ्या पट्ट्यांनी बांधले गेले, हात जुळले, त्यांच्यात फुलं आणि उदबत्ती दिली. पाठ तर ताठ होतीच, ती आयुष्यभर ताठच होती. दोन्ही पावलं अंगाखाली, कुणाकडेही न रोखलेली. कोशात उचलण्याआधी थुआमने त्यांना चटईवर नीट टेकवून बसवलं आणि जोडीदाराला झाकण आणायला सांगितलं.

लमुन त्यांच्यासमोर बसली, पाय मुडपून, आणि जमिनीला कपाळ लावून तिने नमस्कार केला. वर पाहिलं तर त्यांचा चेहरा अगदी तिच्या चेहऱ्यासमोर. ती बघतच राहिली.

सनित आत आला. त्याने बापाला पाहिलं आणि दाराशीच गुडघ्यांवर बसला. मग तसाच पुढे आला आणि त्यांच्या पायाशी डोकं टेकलं. बऱ्याच वेळाने त्याने आईच्या दंडाला हात लावला.

"ऊठ, आई. भिक्षू यायची वेळ झाली."

"थांब रे," लमुन म्हणाली. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा आम्ही दोघं जमिनीवर समोरासमोर बसलोय."

थुआमने जोडीदाराला हाताने खुणावलं, आणि ते दोघे झाकण तिथेच ठेवून ओसरीत जाऊन बसले.